धाकटीच्या नावाचं कुलूप

प्रिय धाकटे,

"थोरलीचं अक्षर सुरेख आहे, पण डोकं मात्र धाकटीनं घेतलं," असं बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू सात. तुला आठवत नसेल. ज्याला मिळतं त्याला आठवत नाही. पाहुणे हसले, आईनं मला पाणी आणायला आत पिटाळलं आणि मी स्वच्छ पेला पुन्हा पुन्हा विसळत उभी राहिले. हे पत्र त्याच अक्षरात लिहिते आहे. फोनवर बोलण्यासारखं हे नाही, आणि मेलवर पाठवण्यासारखं तर मुळीच नाही.

रविवारी तू म्हणालीस, "ताई, बाबांची ती फाइल मी आता पुसून टाकते. सात महिने झाले, उघडत नाही म्हणजे नाही. शेवटी शेवटी त्यांना जमत नव्हतं गं, काहीतरी भलतंच करून ठेवलं असणार." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. पुसू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी पुसू नकोस.

तुला बाबा फोनवरचे माहीत आहेत, मला घरातले. एकतीस वर्षं अर्थखात्यात हिशेब तपासून निवृत्त झाले, तरी त्यांची खोड गेली नाही. अर्थसंकल्पाचं पुस्तक आलं की दोन पेन्सिलींना टोक काढून टेबलाशी बसायचे. "तूट कमी केली म्हणे! कमी नाही केली, उचलून दुसऱ्या कपाटात ठेवली." हे वाक्य तुझ्याआधी मी ऐकलेलं असायचं, पण माझ्या वाट्याला ते पुटपुटून यायचं. तुला सांगताना त्याला तिखटमीठ लागायचं. तू तिकडे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतेस, तुला त्यातली मेख लगेच कळायची आणि तुम्ही दोघं तासभर हसायचात. मी दारात, एका हातात गोळी, एका हातात पाणी. ते माझ्याकडे न बघता हातानंच "थांब" म्हणायचे. दिवसभर मला "हं" आणि तुला "अगं, काय सांगतेस!" त्यांना अंघोळ मी घालायचे, नखं मी कापायचे. आणि रविवारची वाट ते तुझ्यासाठी बघायचे. तुझा मत्सर वाटायचा असं लिहिलं तर ते फार सभ्य होईल. जळायचे मी. तुझ्या फोनची रिंग वाजली की माझे दात आपोआप आवळले जायचे.

माझ्या नोकरीची त्यांनी कायम थट्टाच केली. आमच्या कार्यालयात आम्ही माणसांची कागदपत्रं बघतो, चेहरा ताडून बघतो, आणि मग जगाला सांगतो की इंटरनेटवर ही जी सही आहे ती खरोखर याच माणसाची आहे. ते एकदा म्हणाले, "आणि तुमच्या कार्यालयाला दाखला कोण देतं?" म्हटलं, वरचं कार्यालय. "आणि त्याला?" म्हटलं, ते सगळ्यात वरचं, ते स्वतःचा दाखला स्वतःच सही करून देतं. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. "म्हणजे आमच्या खात्यासारखंच की! आम्हीच खर्च करायचा, आम्हीच म्हणायचं बरोबर आहे." तेवढं एकदा ते माझ्या बोलण्यावर हसले. त्या रविवारी त्यांनी तो विनोद तुला सांगितला, आणि त्यात मी कुठेच नव्हते.

गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी त्यांनी ते लिहायला घेतलं. एकतीस वर्षांत सरकारनं कुठला खर्च कुठे दडवला, ते सगळं. एक दिवस मला म्हणाले, "हे धाकटीसाठी आहे. पण मेलनं पाठवायचं म्हणजे सरकारी नळ, वाटेत कुणीही तोंड लावेल. कुलूप लावायला शिकव." मी शिकवलं. महिनाभर रोज दुपारी चहा झाल्यावर आम्ही शेजारी शेजारी बसायचो. तुला ठाऊक आहेच, प्रत्येकाकडे आपलं एक कुलूप असतं आणि एक किल्ली. कुलूप जगाला वाटून टाकायचं, किल्ली कुणाला द्यायची नाही. तुझ्या कुलपानं बंद केलेलं फक्त तुझीच किल्ली उघडणार, बंद करणाऱ्यालासुद्धा पुन्हा उघडता येणार नाही. बाबा लहान मुलासारखे खूश झाले. "असं अर्थखात्यात असतं तर मी उपाशी मेलो असतो." त्या महिन्यात ते माझे होते. मला वाटत होतं, शिकणं संपूच नये.

मग ते म्हणाले, "चल, आता धाकटीचं कुलूप आणून दे."

तुझं कुलूप कॉलेजच्या वेबसाइटवर तुझ्या पानावर होतं, उतरवून घ्यायला अर्धं मिनिट. मी दुसऱ्या खोलीत गेले. बाहेर शेजाऱ्यांची गाडी कुणीतरी धूत होतं, ते आठवतंय. मी कॉम्प्युटरवर एक नवं कुलूप आणि नवी किल्ली तयार केली. वर तुझं नाव घातलं, तुझा पत्ता घातला. किल्ली माझ्याजवळ ठेवली आणि कुलूप त्यांना नेऊन दिलं. असं होऊ नये म्हणून तर माझं कार्यालय आहे, धाकटे. तिथे कुणी हे केलं असतं तर त्याच्या निलंबनाचा कागद मीच टाइप केला असता.

आणि मी पकडली जायला हवी होते. शिकवणीच्या दुसऱ्याच दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं, की कुलूप मिळालं की त्यावरची चाळीस अक्षरं, जी प्रत्येक कुलपाची वेगळी असतात, फोनवरून त्या माणसाशी ताडून बघायची. त्यांनी फोन हातात घेतलासुद्धा. पासबुकातली बँकेची बेरीज पेन्सिलीनं पुन्हा करणारा माणूस तो. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "तू बघितलंयस ना? मग झालं."

ते गेल्यावर त्यांनी सांगितलं होतं तशी फाइल मी तुला पाठवली. तू म्हणालीस, उघडत नाही. मग मी उघडली. मला वाटत होतं आत माझ्यापासून लपवलेलं काहीतरी मऊ, मायेचं असेल, जे फक्त तुलाच सांगायचं होतं. चारशे बारा पानं आकडे आहेत गं. रस्त्यांचं कर्ज महामंडळाच्या नावावर, निवृत्तिवेतनाचा निधी उत्पन्न म्हणून दाखवलेला, साल, पान, रकाना. तुझ्याबद्दल एक शब्द नाही. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं जळले, ते हे होतं. फक्त पहिल्या पानावर दोन ओळी: "धाकटे, यातला एकही आकडा माझ्या शब्दावर खरा मानू नकोस, सगळे तपासून घे. कुलूप ताईनं आणून दिलंय, ते तपासायची गरज नाही."

मला सोपा रस्ता होता. तुझ्या खऱ्या कुलपानं फाइल पुन्हा बंद करून पाठवली असती, तर तुला जन्मात कळलं नसतं. दोनदा बंद करून झाली, दोनदा पाठवायचं बटण दाबवलं नाही. आणि रविवारी तू म्हणालीस की त्यांना जमत नव्हतं. त्यांना सगळं जमलं होतं. त्यांचं काहीही चुकलं नाही, एक मी सोडून. म्हणून हे पत्र. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये किल्ली आहे. यापुढे माझ्याशी बोलायचं की नाही, माझ्या वरिष्ठांना कळवायचं की नाही, ते तू ठरव, मी वाद घालणार नाही. बाबांचं हे लिखाण तू छापशील, छापायलाच हवं. माझं मागणं एकच आहे. पुस्तकात पहिल्या पानावरची ती दुसरी ओळ तशीच राहू दे, खाली खुलासा न देता. ती खोटी आहे हे आता आपल्या दोघींना माहीत आहे, आणि तू बाबांची मुलगी आहेस, खोटं ठाऊक असताना छापणार नाहीस. तरीही मागते. तुझ्याकडे त्यांची चारशे बारा पानं आहेत, माझ्याकडे तेवढी एकच ओळ आहे.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई