भाचीसाठी राखलेले शिंपले

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोके ठेवून (या टेबलाखाली वाकायला जागा नाही, म्हणून मनातल्या मनात) भाचीचा नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आपण पाण्यात उभे राहणे कमी केले असेल अशी आशा करते, आणि केले नसणार याची खात्री बाळगते. इकडे आई ठीक आहे, मीही ठीक आहे, वजन वाढलेले नाही, कृपया काळजी नसावी.

इथवर 'आपण' लिहिलं, कारण मोठ्यांना तसं लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. पण 'आपण' म्हणत भांडता येत नाही आणि मला आज भांडायचं आहे, तेव्हा इथून पुढे तू. फोनवर हे जमलं असतं तर पत्राला बसले नसते. फोनवर मी विषय काढला की तू विचारतोस, "जेवलीस का?" मी हो म्हणते, तू म्हणतोस, "मग झालं तर," आणि फोन ठेवतोस. मागच्या आठवड्यात मी अशी पाच वेळा जेवले, मामा, आणि विषय होता तिथेच राहिला.

घरातली पहिली पदवीधर काय करते, हे तू सगळ्या गोदीला सांगितलं आहेस, पण चुकीचं. मी समुद्र मोजत नाही. आमच्या कचेरीत (म्हणजे बर्फाच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या, पाय गारठतात आणि डोकं तापतं) दोन प्रकारच्या समुद्री जिवांची नोंद होते. दुर्मीळ, म्हणजे जे असायला हवेत पण दिसत नाहीत. आणि परके, म्हणजे जे दिसतात पण असायला नकोत. समुद्र एवढा आणि आम्ही दोघी, मोठ्या बाई आणि मी. म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनाच निरीक्षक व्हायला सांगितलं. काही वेगळं दिसलं की शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि जागा व तारीख लिहून पाठवायचं. लोकांच्या डोळ्यांवर माझा फार विश्वास. पहिल्या महिन्यात एकोणचाळीस फोटो आले. त्यांत चौदा निरीक्षकांच्या स्वतःच्या पायांचे होते, नऊ नुसत्या मोजपट्टीचे (प्राणी तेवढ्यात निघून गेला होता), आणि एक ताटातल्या काट्यांचा, सोबत प्रश्न, 'हा कोण होता?' तरी मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिलं. काट्यांनाही.

मग तिकीटकाकांना (फेरीबोटीची तिकिटं फाडणारे, तू ओळखतोस) धक्क्याच्या खांबावर पट्टेवाला शिंपला सापडला. हा मूळचा दूरच्या समुद्रातला. जहाजांच्या तळाला चिकटून येतो, भसाभस वाढतो, पाण्याचे नळ बुजवतो आणि आपल्या शिंपल्यांच्या अंगावर थर रचून त्यांना गुदमरवतो. म्हणजे बातमी वाईट. पण मामा, माझी ती पहिली नोंद! मी टाळ्या वाजवल्या. उडीही मारली असं तिकीटकाका म्हणतात. भर फेरीबोटीत सगळ्या प्रवाशांसमोर त्यांना प्रमाणपत्र दिलं आणि वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मी तो शिंपला बारशातल्या बाळासारखा धरला आहे. वर मथळा होता, 'धोकादायक शिंपल्याचा शिरकाव'. मथळा कोणी वाचला नाही. सगळ्यांनी माझा चेहरा पाहिला. तू तर फोटोभोवतीचा मजकूर कापून टाकून उरलेली भाची हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला चिकटवलीस.

त्यानंतर नोंदींचा पाऊसच पडला. नकाशावर परक्या शिंपल्यासाठी मी लाल ठिपका देते. चार महिन्यांत तीनाचे चौदा ठिपके झाले. मुख्य कचेरीने अभिनंदन कळवलं, 'सर्वाधिक नोंदी करणारं केंद्र'. मोठ्या बाई म्हणाल्या, असंच चाललं तर वर्षअखेरीस तुला कायम करून घेता येईल. आणि मला (हे लिहिताना मान खाली जाते आहे) एक सिद्धांत सुचला. ठिपके जोडले तर सुरेख वळणदार रेघ होत होती. त्यावरून मी किनाऱ्यालगत वाहणारा एक नवाच प्रवाह शोधून काढला, बाण वगैरे काढून दीड पानाचा निबंध लिहिला आणि तो चाळीस जाणकारांसमोर वाचला. एकच गोष्ट उलगडत नव्हती. प्रवाह मंगळवारी थांबत होता. तिथे मी लिहिलं, 'अधिक अभ्यासाची गरज'.

तो अभ्यास करायला मी तुझ्या गोदीत आले. तुला वाटलं, भेटायला आले. कोपऱ्यात बांधलेली ती मोडकी सपाट बोट मला दिसली. तीस वर्षांत तुझ्या हाताखालून एकाही बोटीचा तळ खरवडल्याशिवाय गेला नाही, तूच सांगतोस. आणि तिच्या कडेने तू दोर सोडलेले, दोरांवर शिंपलेच शिंपले, आणि वर तुझ्या हातची निळ्या रंगातली पाटी: 'हे भाचीचे आहेत. खरवडू नयेत.'

मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "तुझेच. कोणाला हात लावू दिला नाही."

तुझ्या चेहऱ्यावर काय आनंद होता, मामा. मी ओरडणार होते, त्याऐवजी पाटी पुन्हा वाचली. मग बादल्यांचं कळलं. बर्फवाल्याच्या बोटीतून तू एकेक बादली धक्क्याधक्क्याला पोचवलीस: खांबाला लावा, आठ दिवसांनी फोटो काढा, कचेरीला पाठवा. (बर्फवाल्याची सुट्टी मंगळवारी.) का, तर "सगळे आपल्याच गोदीत सापडले तर लोक म्हणतील, मामाभाचीचं संगनमत आहे." मी तुला पाऊण तास समजावलं की हे शिंपले शत्रू आहेत, आपलं काम त्यांना थोपवायचं आहे. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालास, "एवढे वाईट होते, तर टाळ्या कशाला वाजवल्यास?"

चार वर्षं कॉलेजात घालवली, पण टाळ्या कशाला वाजवायच्या ते कोणी शिकवलं नाही.

परत येताना खाडीच्या तोंडाशी उतरले. अकरावी बादली तिथली. चिखलातून शिंपले वेचून पाटीत भरणाऱ्या त्या आजी मला फोटोमुळे ओळखतात. पाटी तळापुरतीच भरली होती. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचे आले आणि आमचे गेले." रागाने नव्हे. सुखरूप पोचल्याचं कळवावं तसं.

आता अडचण अशी आहे. सोमवारी वर्षाचा अहवाल जायचा आहे. खरं लिहिलं तर चौदातले अकरा ठिपके खोडावे लागतात, प्रवाह आटतो, आणि 'प्रसाराचे कारण' या रकान्यात माझा सख्खा मामा येतो. माझी नोकरी जाईल ते जाईल, पण गोदीवाले तुलाही कामावर ठेवतील की नाही कोण जाणे. खोटं लिहिलं तर सफाईचे पाणबुडे परक्या जहाजांचे तळ तपासत बसतील आणि त्या आजींची पाटी रिकामी होईल. आई म्हणते, "घरातलं घरात ठेव. भावाचं नाव कागदावर घालायला शिकवलं का तुला?" तू मला लहानपणी खांद्यावर बसवून ओहोटीचे खेकडे दाखवलेस, म्हणून मी या खुर्चीवर आहे. तेव्हा तुला विचारल्याशिवाय मी तुझं नाव कुठेही घालणार नाही. सावकाश विचार कर. घाई अजिबात नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
भाची

ता. क. : घाई नाही असं वर लिहिलं, ते मोठ्यांना टोचू नये म्हणून. घाई आहे. हे शिंपले महिनाभरात अंडी सोडतात.

ता. क. २ : आणि विचारल्याशिवाय घालणार नाही हे काल लिहिलं होतं. आज सकाळी अहवाल मोठ्या बाईंच्या हातात दिला. कारणाच्या रकान्यात दोन नावं आहेत, तुझं दुसरं. पहिल्यापुढे 'टाळ्या वाजवल्या' असं लिहिलं आहे. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता घरी पाठवतात. त्यांनी एवढंच विचारलं, "फोटो अकरा धक्क्यांचे आले. बादल्या किती गेल्या होत्या?" मामा, मी हे विचारलंच नव्हतं. ज्यांनी बादली घेतली आणि फोटो काढायचा कंटाळा केला, असे किती? मला जागांची यादी हवी आहे. सगळ्या. हे पत्र त्यासाठीच आहे, बाकी सगळी प्रस्तावना. नोकरीचं बाई म्हणाल्या, आधी यादी, मग बघू.

ता. क. ३ : मामी, वाचून तूच दाखवत असशील, तर हे मात्र मनात वाच. तो यादी देणार नाही. आधी रुसेल, मग आठवत नाही म्हणेल. पण बादल्या तुझ्या होत्या, आणि कुठली बादली कोणाकडून परत आली नाही हे तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसणार. लिहून ठेव. शनिवारी मी जुने कपडे घेऊन येते आहे, दोरांपासून सुरुवात करू. शिकलेल्या हाताला घट्टे नकोत म्हणून त्याने आजवर मला खरवडणी धरू दिली नाही. यावेळी त्याला दोन काढून ठेवायला सांग. नाही काढल्या तर मीच काढीन. तो त्या कुठे लपवतो, ते मला सहावीपासून माहीत आहे.