सुरी न लावलेला भोपळा

राहू, ता. दौंड
८ डिसेंबर २०२४

ती. सोजराआत्यास,
विश्वजीतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितोय, असं आबांना सांगितलंय. ते खरंच आहे, पण अर्धं. माझा फोन गुऱ्हाळाच्या चुलवाणात गेला. गेला म्हणजे मीच फेकला. गुऱ्हाळावर माझ्याबरोबर असतो तो सतीश म्हणाला की उन्हाळ्यात हर्षदासाठी स्थळं बघणार आहेत, त्यावर माझा हात सुटला. जाळ घालणारे भैये आता मला मोबाइल सेठ म्हणतात. आबा म्हणाले, कॉलेज अर्धं सोडलंस, फोन तरी पुरता सोडलास, आता हंगाम संपेपर्यंत दुसरा मागू नकोस.

हर्षदा कोण, ते सांगायला हवं. कालव्याच्या पलीकडे मल्हारीमामांचं घर आहे. दिवाळी झाली की मामा आणि त्यांचा थोरला मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते उन्हाळ्यातच परत येतात. मागे घरात रतनबाई आणि त्यांची लेक हर्षदा, दोघीच. त्या लाल भोपळ्याचे घारगे करतात आणि पाटसच्या स्टँडवर साळूबाईंच्या चहाच्या टपरीत विकायला देतात. आता भोपळ्याचं तुला ठाऊकच आहे. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, पुरुषानं लावायची. रतनबाई यात कुणाचं ऐकत नाहीत. म्हणून भोपळा कापायचा असला की मला बोलावणं येतं. हर्षदा गुऱ्हाळावर येऊन विचारते, वेळ आहे का. मी कोयत्याला धार लावूनच बसलेला असतो. जातो, एक घाव घालतो, रतनबाई चहा देतात, हर्षदा फोडी करायला घेते. बस, एवढंच. पण आत्या, एवढ्यावर माझा आठवडा निघतो.

अडचण अशी की त्यांचे घारगे हल्ली दुसऱ्याच दिवशी लिबलिबीत होतात. भोपळा उकडला की गर पाणी धरतो, मग कणीक जास्त घालावी लागते आणि चव जाते. साळूबाईंनी परवा निम्मे परत पाठवले. टपरी सुटली तर घारगे बंद, घारगे बंद तर भोपळा बंद, मग माझं त्या घरात काय काम? तू भोपळा अख्खाच भाजतेस आणि तुझे घारगे आठवडाभर टिकतात. कसा भाजायचा ते नीट लिही. मी त्यांना शिकवणार आहे. लवकर लिही, मला दम निघत नाही.

माझ्या रागाकडे बघू नये, माया आहे तशी राहू द्यावी.
तुझा,
विश्वजीत


निमोणे, ता. शिरूर
१५ डिसेंबर २०२४

चि. विश्वजीतास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायांचं होतं ते तसंच आहे, म्हंजी पुण्याला जाऊन तू अगदीच बिघडला नाहीस. माझी तब्येत बरी. कान गेले, पण त्यामुळे भावकीतलं निम्मं भांडण माझ्यापर्यंत येत नाही, हे काही वाईट नाही.

भोपळा जून घ्यायचा, साल नखानं खरवडली जाऊ नये. कापायचा नाही. देठाच्या भोवती दाभणानं चार-पाच ठिकाणी खोल टोचायचं, नाहीतर आतली वाफ कोंडते. दाभण म्हणजे सुरी नव्हे, वाकळ शिवायचं ते बायकांचंच हत्यार, तेव्हा रतनबाईंना पटेल. जाळावर ठेवायचा नाही. बाभळीचा निखारा आणि गोवरीची गरम राख करून त्यात पुरायचा. मधून मधून कूस बदलायची. साल काळी पडून सुरकुतली आणि दाभण लोण्यात गेल्यासारखं गेलं की परातीत काढून निवू द्यायचा. साल हातानंच सुटते. बिया आणि दोरे काढून टाकायचे, बिया धुऊन वाळत घालायच्या. गर पंच्यात बांधून टांगायचा, पाणी गळेल ते फेकायचं नाही, भाजीत घालायचं. मग पुरणयंत्रातून काढायचा आणि कढईत कोरडा होईस्तोवर परतायचा. त्यात मावेल तेवढीच कणीक घालायची, वरून पाणी नाही. हा गर डब्यात भरून फ्रीजमध्येही चांगला राहतो.

आता एक. शिकवायला जायच्या आधी थोडा बसून विचार कर की तू काय शिकवतोयस. मी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नको.

जेवण वेळेवर करावं, डोकं थंड ठेवावं, आत्याला विसरू नये.
तुझी,
सोजराआत्या


राहू
२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिला भोपळा फुटला. मला वाटलं, एवढं मोठं चुलवाण पेटलेलं असताना निखारे करत कोण बसणार, म्हणून सरळ त्यातच सोडला. टोचायचंही विसरलो. असा आवाज झाला की गाळपाचा माणूस इंजिन बंद करून पळाला. गर आबांच्या टोपीवर. भैये म्हणाले, पहले मोबाइल, अब बम. सतीश हसला, त्याला मी दोन लगावल्या. मग त्यानंच मला गोवऱ्या आणून दिल्या, त्याचं वाईट वाटतंय.

चिपाडाचा जाळ भसकन येतो आणि तसाच जातो, त्याची राख धग धरत नाही, हे मला आता कळलं. दुसरा भोपळा बाभळीच्या निखाऱ्यात तू लिहिलंस तसा पुरला. बसून राहिलो. आत्या, मी एका जागी बसून राहिलो, हे आबांनी दोनदा येऊन बघितलं. साल सुटली तेव्हा आतला गर शेंदरी आणि घट्ट, बोटाला चिकटणारा. बाहेरच्या धगीचा थोडा धुरकट वासही धरला होता.

मग हर्षदाच्या अंगणात तिला सगळं करून दाखवलं. सतीशच्या मोबाइलवर या गराला प्युरी म्हणतात, तेही सांगितलं. ती म्हणाली, नाव काहीही असू दे, पाणी सुटत नाही ना ते बघ. दाभण तिनंच टोचलं. रतनबाई आधी लांब उभ्या होत्या, मग बघून म्हणाल्या की ह्याला कुठं सुरी लागली. घारगे चार दिवस कडक राहिले. साळूबाईंनी निरोप पाठवला की आता रोज द्या. हर्षदा माझ्याकडे बघून हसली. आधी कधी असं हसली नव्हती. तुला साडी घ्यायची आहे मला.

तुझा आशीर्वाद कामाला आला, तो चालू ठेवावा.
तुझाच,
विश्वजीत


राहू
२६ जानेवारी २०२५

आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं.

संक्रांतीपासून एकही बोलावणं नाही. रोज त्यांच्या अंगणातून धूर दिसतो, म्हणजे भोपळे भाजताहेत. काल मीच गेलो, कोयता घेऊन. रतनबाई म्हणाल्या, देवासारखा धावून आलास बाळा, आता तुला तरास न्हाई. हर्षदा राख सारखी करत होती. मी विचारलं, मला का बोलावलं नाही. तिनं मान वर करून सांगितलं, "आता सुरी लागतच नाही."

एवढंच. चहासुद्धा मीच नको म्हणालो. बाहेर आलो आणि तिच्या दारासमोरच कोयता कालव्यात भिरकावला. पाणी सुटलेलं होतं, कुठे गेला कळलं नाही. ती दारात उभी होती, तिनं बघितलं. बघू दे.

मी माझ्या हातानं त्या घरातली माझी जागा घालवली आणि ती घालवायची कशी, ते तू मला नीट लिहून पाठवलंस. दाभणासकट. मला आता पुण्यालाही जायचं नाही आणि इथंही राहायचं नाही.

लोभाचं काय ते तूच ठरव.
विश्वजीत


निमोणे
४ फेब्रुवारी २०२५

चि. विश्वजीतास,
अ. उ. आ.

व्हय, माहीत होतं. एक ओळ लिहूनही ठेवली होती, ती तू वाचली नाहीस.

मी भोपळा अख्खा का भाजते, हे तू कधी विचारलं नाहीस. आमचे मालक गेले त्या हिवाळ्यात वेलाला भोपळे मायंदाळ लागले होते. कापायला घरात पुरुष नाही. मग शेजारच्या जयसिंगाला निरोप द्यायचा. माणूस चांगला, कधी वावगं वागला नाही. पण दोन निरोप गेल्याशिवाय यायचा नाही. आला की ओट्यावर बसणार, चहा घेणार, एक घाव घालणार आणि जाताना म्हणणार, वहिनी, काही लागलं तर सांगा. मला लागायचा तो फक्त भोपळा. एक दिवस त्याची वाट बघून मला आला राग, आपल्या घराण्याचाच राग तो, आणि मी अख्खा भोपळा चुलीत ढकलला. दाभणाची अक्कल नंतर आली, पहिला माझाही फुटलाच होता. त्या दिवसापासून भोपळ्यासाठी मी कुणाच्या दारात गेले नाही.

हर्षदा गुऱ्हाळावर यायची, भैयांच्या देखत उभी राहून वेळ आहे का विचारायची, तेव्हा तुला गोड वाटायचं. तिला काय वाटायचं ते तुझ्या एकाही पत्रात नाही. विचारलं नसशील.

इतके दिवस तुला त्या घरात भोपळा बोलावत होता. आता भोपळ्याला तू नको. यापुढं बोलावणं आलं तर ते तिचं असेल. नाही आलं तर तेही तिचंच समजायचं आणि गप राहायचं. कालव्यात काही फेकायचं नाही.

राग उतरला की चार ओळी लिहाव्यात, नाही उतरला तरी लिहाव्यात.
तुझी,
आत्या


राहू
२७ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलंच नाही. गुऱ्हाळावर काम केलं. हर्षदाच्या दारावरून गेलो नाही, लांबून फिरून जात होतो. मार्चमध्ये ती एकदा आबांकडे गूळ घ्यायला आली. मी तिला म्हणालो की तू अशी सगळ्यांसमोर विचारायला यायचीस, ते तुला आवडत नसणार, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती गूळ मोजून घेत होती. म्हणाली, नव्हतंच आवडत. मग जाताना म्हणाली, तू यायचास ते नावडतं नव्हतं, मला बोलवायला यावं लागायचं ते नावडतं होतं. आणि गेली. यावर मी महिनाभर विचार केला. सतीशला विचारलं असतं तर त्यानं काहीतरी भलतंच सांगितलं असतं.

परवा मल्हारीमामा कोकणातून आले. काल त्यांचा थोरला निरोप घेऊन आला, बाबांनी बोलावलंय, भोपळा कापायचाय. मला वाटलं, मार बसणार. भोपळ्याला सुरी लागत नाही, हे मीच शिकवलेलं, आणि लागली तरी घरात आता दोन पुरुष. आबांना न सांगता गेलो. कोयता नव्हताच.

अंगणात मल्हारीमामा बाजेवर, समोर पोत्यावर एक मोठा भोपळा. चूल थंड होती. मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मी हाय की घरात. पर पोरगी म्हणती, ह्यो भाजायचा न्हाई, कापायचा हाय, आन् तुमी हात लावू नका."

रतनबाई पदराआड हसत होत्या. हर्षदा आतून आली आणि माझ्या हातात कोयता दिला. आत्या, तो माझाच होता. कालव्याचं आवर्तन बंद झाल्यावर तिनं गाळातून शोधून काढला होता. गंज घासून काढलेला, धार लावलेली, मूठ नवी.

मी घाव घातला. वाकडा गेला. हर्षदा म्हणाली, सवय मोडली वाटतं. मामा म्हणाले, चालतंय, भोपळाच हाय. मग चहा झाला.

स्थळं बघणं थांबलंय, असं मामांनीच जाता जाता सांगितलं, कुणाला उद्देशून ते नाही सांगितलं. राहिलेल्या पेपरांचा फॉर्म मी भरलाय. आबांचं मात्र काय करायचं ते मला सुचत नाही. मी बोललो तर मला राग येणार, मग त्यांना येणार. तू लिही.

एवढी एक गोष्ट करावी, मग जन्मभर काही मागणार नाही.
तुझा,
विश्वजीत


निमोणे
३ मे २०२५

चि. पोपटरावास,
सोजराताईचे अ. उ. आ.

मुद्दाम पत्र लिहिते आहे. फोनवर तू बोलतच राहतोस आणि मला ऐकू येत नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

विश्वजीतचं आणि मल्हारीच्या हर्षदाचं तुझ्या कानावर आलं असेल, नसेल तर आता आलं. मेंढरांमागच्या घरची पोर, आपल्यातली नाही, असं तू म्हणशील. भावकी काय म्हणेल तेही म्हणशील. म्हणून घे, चार दिवस लाव. मग एकदा मल्हारीकडे जाऊन बस. त्यानं स्वतः घरात असताना आपल्या पोराच्या हातानं भोपळा कापून घेतला. याचा अर्थ तुलाही कळतो आणि मलाही. त्याचं करून झालं, आता आपलं राहिलं.

पोर तापट आहे, ते आपल्याच घरचं आहे. पण तीन महिने त्या दारावरून लांबून फिरून गेलं. तू त्याच्या वयात एवढा कधी थांबला होतास ते आठव.

माझं शेवटचं. यंदा वेलाचा एक भोपळा मी चुलीत घातलेला नाही. मालक गेल्यापासून पहिल्यांदाच. देठासकट माळ्यावर ठेवलाय, पावसाळ्यापर्यंत टिकेल. तो कापायला विश्वजीतला पाठव. एकट्याला पाठवू नको.

बहिणीवर रागावलास तरी चालेल, येताना मात्र गूळ आणावा.
तुझी ताई,
सोजरा