क्लचवर माझा पाय, गिअरवर तुमचा हात

नाना,

काल मोटार पुन्हा रस्त्यावर काढली. मोठ्या लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा ती विटांवर चढवून ठेवली होती, आणि लढाई संपली तरी तशीच राहिली. मधली वर्षं कशी गेली, गेल्या साली निजामाचं राज्य जाताना इकडे काय काय झालं, ते मी लिहीत बसत नाही. तुम्ही आधीच गेलात, त्यातून सुटलात एवढंच मनात येतं. काल मिस्त्रीनं हँडल मारलं, इंजिन खोकत खोकत लागलं, आणि मी वसमतच्या बाजारातून गाडी नीट बाहेर नेली. "ताई, तुमी तर पक्क्या ड्रायव्हर हाव की! कोनी शिकवलं?" मिस्त्री म्हणाला. आमच्या नानांनी, म्हटलं. आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे.

तुमच्याकडूनच सगळं शिकले मी. शाळा होती ती उर्दू आणि मुलांची, म्हणून तुमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, स्पिरिटच्या वासात, तुम्ही मला बाराखडी गिरवायला बसवलं. मी जात्याच घाबरट. अक्षर चुकलं की तुम्ही वळून बघायच्या आत तळहातानं पाटी पुसून टाकायची. एकदा तुम्ही माझा हात धरलात. "पुसू नको. आधी बघ काय चुकलं ते. पुसलेली चूक पुन्हा येती." आवाज चढवला नव्हता, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. असंच होतं माझं. तुमच्या सुया उकळून झाल्या की मी पुन्हा एकदा उकळायची, दाराला कडी लावली की पुन्हा जाऊन हात लावून बघायची. "हिला देवानं दोन जीव दिले असते तर एक नुसता काळजीला लावला असता हिनं," आई म्हणायची.

मग तुमच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात हळूहळू आला, पाय आला नाही. काठी घेऊन घरात फिरता यायचं, पण क्लच दाबणं त्या पायाच्या नशिबी राहिलं नव्हतं. एक ड्रायव्हर ठेवला, तो रोग्याच्या दारात बिड्या ओढत बसायचा आणि हाक मारली की सापडायचा नाही. त्याला तुम्ही महिनाभरात वाटेला लावलंत. खेड्यांतून माणसं बैलगाडी घेऊन न्यायला येत. दोघं जण तुम्हाला काखेत धरून गाडीत चढवत, खाली उतरवत. घरी आल्यावर तुम्ही बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. एका सकाळी मला म्हणालात, "चल, जिनिंगात जाऊ. तुझे पाय मला पाहिजेत."

कापसाचा हंगाम संपलेला, जिनिंगचं आवार मोकळं. कोपऱ्यात सरकीचा ढीग आणि म्हातारा चौकीदार. मी उजवीकडे चाकाशी, तुम्ही माझ्या डाव्या हाताला, मधे गिअरचा दांडा. तुम्ही म्हणालात, दोन्ही गोष्टी एकदम शिकायच्या नाहीत. तू पाय सांभाळ, गिअर मी टाकतो. पाय कसा सोडायचा ते मला कळेना. सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची. "नाडी बघताना बोट कसं उचलती? एकदम उचलती का? तसा सोड पाय." तेव्हा कळलं. गाडी चालायला लागली आणि सरकीचा ढीग समोर आला. शेतात आजोबांची बैलगाडी मी लहानपणापासून हाकत होते; हातांना तेवढंच माहीत. मी दोन्ही हातांनी चाक कासऱ्यासारखं छातीकडे ओढलं आणि जोरात ओरडले, "होऽ! होऽ रे बाबा!" गाडी सरळ ढिगात. चौकीदार पळत आला आणि मला वाटलं आता रागावेल, तर तो म्हणाला, "बेटी, मोटर कू कान नई रहते. बिरेक दबाओ, बिरेक!" तुम्ही इतके हसलात की डोळे पुसावे लागले. आजारपणानंतर तुम्हाला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी घाईघाईनं गाडी मागे घ्यायला निघाले, तर हसू पुसून म्हणालात, "थांब. काय चुकलं ते आधी सांग."

अशी आपली मोटार सुरू झाली. तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात, मी क्लच दाबायची, तुम्ही दांडा मधे आणायचात, मी पाय सोडून पुन्हा दाबायची, आणि तुमचा हात दांडा जागेवर बसवायचा. बराबर बसला की आवाजसुद्धा नाही. पुढे पुढे "हं"चीही गरज राहिली नाही. तुमच्या अंगठ्याची शीर ताठ झाली की माझा पाय खाली जायचा. आईला मात्र हे पसंत नव्हतं. "आवं, पोरीची जात. मोटार हाकती म्हनल्यावर कोन करून घेईल हिला?" तुम्ही ताट पुढे ओढत म्हणायचात, "ती कुठं हाकती? मोटार मीच चालवतो. ती नुसते पाय देती." रस्त्यात कोणी भेटलं तरी हेच सांगायचात, आणि सांगताना ताठ बसायचात. आता तुम्हाला कोणी उचलून गाडीत ठेवत नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी कुरुंद्याच्या अलीकडच्या वाडीतून एक शेतकरी धापा टाकत आला. आदल्या दिवशी हळद-तुपानं खांदेमळणी झालेला, रंगवलेला बैल हलगीच्या आवाजाला बिचकला होता आणि त्याचं शिंग याच्या भावाच्या मांडीत घुसलं होतं. "रगत थांबून न्हाई राहिलं, सायब. आन आज बैल जुंपता येत न्हाई. पोळा हाय. आनू कशात त्याला?" आपण निघालो. आठवडाभर उघडीप होती, मुरमाचा रस्ता वाळला होता. नेहमीसारखंच, तुमचा हात, माझा पाय.

वाडीत तो माणूस ओसरीवर आडवा होता, मांडीला फेटा आवळलेला, आणि फेटा काळा पडलेला. शेजारीच बैल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ, तोंडात पुरणपोळी. तुम्ही फेटा सोडला आणि अंगठा आत दाबून धरलात. रक्त थांबलं. अंगठा काढला की पुन्हा यायचं. "इथं जमिनीवर बसून मला टाके घालता येणार न्हाईत," तुम्ही म्हणालात, "टेबलावर न्यावं लागंल." तसाच अंगठा धरून तुम्हाला त्याच्यासोबत मागच्या सीटवर बसवलं. मी चाकाशी बसले आणि डावीकडे बघितलं. तिथं कोणी नव्हतं.

"नाना, गिअर?" मी म्हणाले.

"माझा हात मोकळा हाय का? टाक."

मी टाकला. दातांवर दात घासल्यासारखा आवाज आला, गाडी हिसका खाऊन निघाली, मागून तो माणूस कण्हला, आणि मला वाटलं, हा आता माझ्या हातानं जाणार. दुसऱ्या गिअरलाही तसंच. पुढे ओढा होता. त्यात घोटाभर पाणी आणि पलीकडे चढ. उताराच्या तोंडाशी मी विचारलं, "नाना, इथं थांबवून पहिला टाकू का?"

"मला काहून विचारून राहिली? इंजिन ऐक की."

मी थांबवली. डोळे मिटले असते तर बरं झालं असतं, पण ते शक्य नव्हतं. क्लच दाबला, दांडा पुढे ढकलला. आवाज आला नाही. पाणी ओलांडलं, चढ चढलो, वर आल्यावर दुसरा टाकला, मग तिसरा, आणि दांडा प्रत्येक वेळी आपल्या घरात गेल्यासारखा गेला. मागे तो माणूस पुटपुटत होता, "सायब, बैलाचा काई कसूर न्हाई बरं का. त्याला कोनी मारू नका." तुम्ही म्हणालात, "तू गप पड. बैल पोळी खातोय." तो वाचला, हे तुम्हाला माहीत आहेच. लंगडत का होईना, पुढच्या पोळ्याला त्यानंच बैल मिरवला.

माझ्या मनात राहिली आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. एका म्हातारीला बघायला जायचं होतं. तुम्ही येऊन शेजारी बसलात. मी क्लच दाबला. तुमचा हात दांड्याकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि परत जाऊन तुमच्या गुडघ्यावर बसला. त्या मेलेल्या पायाच्या गुडघ्यावर. तुम्ही बाहेर बघायला लागलात. इंजिन नुसतंच फिरत होतं. मी दोन्ही हात चाकावरून हलवले नाहीत.

"टाक की. काल तर टाकला."

"तुम्हीच टाका, नाना."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हात आला, दांडा धरला, आणि गाडी आवाज न करता निघाली. दुपारी जेवताना तुम्ही आईला सांगितलंत, "पोरगी भित्रीच हाय अजून. काल जिवावर उदार होऊन टाकला, पन माझ्याबिगर तिचा गेर पडत न्हाई." आणि ताटातली भाकरी संपल्यावर अजून अर्धी मागून घेतलीत. मी वाढत होते. मी मान खाली घालून वाढत राहिले. त्यानंतर तुम्ही होता तोवर मी एकदाही दांड्याला हात लावला नाही.

आई अजून आल्यागेल्याला हेच सांगते: हिच्या बापाबिगर हिचा गेर पडत नव्हता. सांगताना तिचा चेहरा उजळतो. तिला ते तसंच राहू दे, म्हणून हा कागद मी कोणाच्या हाती लागू देणार नाही. पण तुम्ही चूक पुसू द्यायचा नाहीत, म्हणून तुमच्यापुरतं लिहून ठेवते. माझा सगळा जन्म भिण्यात गेला, नाना. त्या सकाळी मात्र मी भ्याले नव्हते.