शिक्के फोडणारा हात

कुंभकोणम,
ता. ५ फेब्रुवारी २०२४

ती. व्यंकोबाअण्णास गोमतीचा सा. न. वि. वि.

फोन का लागत नाही म्हणून रागावला असशील. यांनी फोन विहिरीत टाकले, माझा आणि नित्याचाही. शेजारणीच्या फोनवर बोलावं तर मागं येऊन उभे राहतात. म्हणून पत्र. तिसरीपर्यंत तमिळ शिकलेली आणि बाबांनी घरी मराठी गिरवून घेतलेली बाई लिहील तसंच लिहिते. पुण्याची वहिनी हसेल, हसू दे.

नित्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली हे तुला ठाऊक आहे. सातव्यात बांगड्या भरल्या, सासरच्यांनी हौसेनं पाठवली. जावई साईकुमार जहाजावर, त्याच्याशी महिना महिना बोलणं होत नाही. आणि इथं तिचा बाप बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, घेऊन बसलाय. सहा महिने झाले. भिंतीवर तक्ता लावलाय, त्यात शिक्के, कर्णे, श्वापद आणि पुढे वर्षं. नाचियारकोविलला समया ओतायला जाणं बंद. म्हणतात, जग तीन वर्षं राहिलंय, समई लावणार कोण.

नित्याचं सरकारी गरोदरपणाचं कार्ड यांच्या हाती लागलं. त्यावर नंबर. आठ दिवस त्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी केली आणि निघाला म्हणे श्वापदाचा आकडा, सहाशे सहासष्ट. कार्ड चुलीत गेलं. आता दवाखाना नाही, तपासणी नाही. नर्सबाई दोनदा दारातून परत गेली. वर पोरीला वाचून दाखवलं, की त्या दिवसांत ज्या गर्भार असतील त्यांचे फार हाल होतील. बाप आहे का कोण आहे?

पोरगी जेवत नाही. पाय सुजलेत, बोट दाबलं की खळगा राहतो. डोकं दुखतं म्हणते. मी ओढत नेऊ म्हटलं तर तीच जागची हलत नाही. अप्पांचं खरं असलं तर, म्हणते.

अण्णा, आम्हाला येशूच्या पायाशी तू आणलंस. तिथं अभय मिळतं म्हणालास. मग माझ्याच घरात ही भीती कुठून शिरली? प्रार्थनेला बसते आणि अर्ध्यातून उठते. लगेच उत्तर दे. उपदेश नको. काय करू तेवढं लिही.

तुझ्या मायेवर टेकून असलेली,
गोमती


पुणे,
ता. ९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. गोमतीस अनेक आशीर्वाद. वि.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे डॉक्टर अजून गाडीत बसू देत नाहीत, नाहीतर पत्राऐवजी मीच आलो असतो. एकवीस तारखेचं तिकीट काढलंय. पण तोवर थांबू नको. डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा पोटात दुखलं, तर तुझा महालिंग आडवा पडला तरी ओलांडून जा.

तुला कधी सांगितलं नाही, पण ह्या पुस्तकापायी मीही दोन वर्षं झोप घालवली होती. रोज विचारायचो, केव्हा? शिक्के फोडतो कोण, हे विचारायचं सुचलंच नाही. ती सात शिक्क्यांची गुंडाळी उघडायला स्वर्गात कोणी नाही, पृथ्वीवर कोणी नाही, म्हणून दर्शन पाहणारा रडतो. मग वधलेला कोकरा, म्हणजे येशूच, पुढे येतो आणि ती घेतो. श्वापदाच्या हाती एकही शिक्का नाही, गोमती. खिळ्याचा वण ज्या हाताला आहे, त्याच हातात उद्याचा दिवस आहे. हे कळल्यावरही मला भीती वाटली, पण झोप लागली.

महालिंगाशी आकड्यांवरून भांडू नको, हरशील. नित्याजवळ बसून ते पुस्तक पहिल्या पानापासून मोठ्यानं वाच. लहानपणी तू एका ओळीला दोन जांभया द्यायचीस. त्या दिल्यास तरी चालतील.

आमचा जीव तुमच्याकडे लागला आहे हे जाणावे.
व्यंकोबा


कुंभकोणम,
ता. १६ फेब्रुवारी २०२४

ती. अण्णास गोमतीचा सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वाकडं येईल.

परवा तुझं पत्र आलं. दुपारी नित्याजवळ बसून वाचायला घेतलं. मला काय, अक्षराला अक्षर लावत जायचं. पहिल्याच पानावर सोन्याच्या सात समया निघाल्या. त्यांच्यामधून येशू चालतो आणि त्याचे पाय भट्टीत तापलेल्या पितळेसारखे. हे आमच्याकडे पाठ करून तक्त्यासमोर बसले होते. पुन्हा वाच, म्हणाले. वाचलं. दर्शन पाहणारा भिऊन मेल्यासारखा पडतो, तर तो उजवा हात त्याच्यावर ठेवतो आणि सांगतो, भिऊ नको, मी मेलो होतो, आता जिवंत आहे, मरणाच्या किल्ल्या माझ्यापाशी आहेत.

यांना हे पान ठाऊकच नव्हतं. कुणी दिलेल्या यादीवरून थेट शिक्क्यांपासून सुरुवात केलेली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तीस वर्षं समया केल्यात. बैठकीशिवाय समईवरचा हंस कधी उभा केलात? आणि इथं पहिलं पान सोडून माझ्या लेकीला टांगून ठेवलंत?" त्या रात्री जेवलेही नाहीत. तक्ताही काढला नाही.

काल सकाळी नित्याला डोळ्यांपुढे ठिणग्या दिसायला लागल्या. मी रिक्षाला धावले, परत येते तो हे तिला उचलून दारात उभे. इथं खिडकीवर बाईनं नंबर मागितला. कार्ड कुठाय? ते तर चुलीत गेलेलं. यांनी सगळा नंबर तोंडपाठ सांगितला. एवढ्या बेरजा केलेल्या, विसरतील कसे. श्वापदाचा म्हणून जाळलेला तोच नंबर.

रक्तदाब फार चढलाय. आणखी दोन दिवस घरी ठेवली असती तर दोघंही गेली असती, असं डॉक्टरीणबाई यांच्या तोंडावर म्हणाली. आठवा महिना नुकता लागलाय, तरी उद्या सकाळी बाळ काढायचं. जगेल का, ते सांगत नाही. साईकुमारच्या कंपनीला निरोप दिलाय. मी चांगली आहे असं समजू नको. मधेच वाटतं यांना बाकावरून ढकलून द्यावं.

आत्ता आत सोडलं होतं. नित्यानं विचारलं, "अप्पा, उद्या काय होईल?" सगळी वर्षं तोंडपाठ असलेला माणूस. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मला ठाऊक नाही ग. ज्याला ठाऊक आहे तो तुझ्यापाशी आहे."

पोरीनं डोळे मिटले. झोपली. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा.

लोभ असेल तर वाचता वाचता आमच्यासाठी गुडघे टेक.
गोमती