उजवी रिकीब

लंडन, ४ मे १९५४

चि. मॉडीस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मी जिवंत आहे, पण तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. माझ्या नव्या पुस्तकात छोटी टिल्डा रिकिबीत उजवा पाय घालते आणि उजवीकडून आपल्या तट्टावर, मूनबीमवर, झेप घेते. झालं! ब्रॅकनबरी नावाच्या कुणा निवृत्त कर्नलने साप्ताहिकात पत्र छापून आणलं. तट्टावर डावीकडूनच चढतात हे दूधपित्या पोरालाही कळतं, म्हणे. तेव्हा मुलांसाठी तट्टांच्या गोष्टी लिहिणाऱ्या या बाईंनी आजवर फक्त खुर्चीवरच मांड ठोकलेली दिसते. नेमकं तेच खरं असल्यामुळे फार झोंबलं गं. तू माझी सगळी पुस्तकं वाचतेस, मग एकदा तरी बोलायचंस!

प्रकाशकांनी तोडगा काढलाय. जूनमध्ये आपल्या गावच्या तट्टांच्या शर्यतीत मी फोटोवाल्यांसमोर मूनबीमवर डावीकडून चढून दाखवायचं. आता मूनबीम म्हणजे आपला पुडिंग, हे तुला-मला ठाऊक. पुस्तकात तो चांदीची वीज आहे. प्रत्यक्षात त्याचं पोट जमिनीला टेकायचं तेवढं बाकी आहे, आणि वर चावरा! म्हणून मी एक तरुण पांढरं तट्टू मागवलंय. पोरांना दोन मूनबीम दिसून कसं चालेल? तेव्हा पुडिंगला त्याआधी शिकारी कुत्र्यांच्या ठाण्यावर पाठवून दे. म्हातारी जनावरं शेवटी तिथेच जातात, त्यांचे हाल तरी संपतात. बाबांनी तो माझ्या वाढदिवसाला आणला होता, म्हणजे तो माझाच. तरी मी तुला विचारते आहे, हे लक्षात घे.

लोभ असावाच, राग आला तर तोही कळवावा.

तुझी,
लेटी

अपर हॅचम, ९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि. (साष्टांग काही जमणार नाही. डावा गुडघा वाकत नाही. आठवतं ना?)

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू पळालं. अगं शहाणे, उजवीकडून चढते ती मी! गवताच्या माळ्यावरून पडल्यापासून हा पाय रिकिबीपर्यंत उचलत नाही, म्हणून मी उजवा घालते आणि हे लाकूड वरून फिरवते. पुडिंगलाही मीच तशी सवय लावली. तू भिंतीवर बसून गूजबेऱ्या खात मला बघितलंस आणि समजलीस की सगळं इंग्लंड असंच चढतं. मी बोलले नाही, कारण मला वाटलं, ताईने माझ्यासाठी मुद्दाम तसं लिहिलंय. इतकी वर्षं मनातल्या मनात फुशारले! आता कळतं, बाईसाहेबांना दोन बाजू असतात हेच ठाऊक नव्हतं.

आणि त्याला कुत्र्यांच्या पातेल्यात घालायचं म्हणतेस? हाल संपतील म्हणे! हाल कुणाचे? तो रोज सकाळी माझी न्याहारी पळवतो. नीट ऐक. दुसरं कुठलंच तट्टू मला उजवीकडून चढू देत नाही. तो गेला की माझं बसणं संपलं. मग मी फक्त लंगडी मॉड. मी त्याला पाठवणार नाही. पाठवायचाच असेल तर तू ये, दोर धर आणि ने.

तुझा लोभ आहेच, तो जरा माणसांकडेही वळवावा.

मॉड

लंडन, २४ मे

चि. मॉडीस अ. आ.

किती गं लागट बोलतेस! बरं, तुझ्या शब्दाखातर त्याला न्यायला कुत्र्यांच्या ठाण्याची व्हॅन शर्यतीनंतरच्या गुरुवारी बोलावली आहे. तोवर त्याला परड्यात लपव. दोन जनावरं पोसायला वाड्यातल्या जमीनदारीणबाई आहोत का आपण?

मी इकडे सोफ्याच्या हातावर डावीकडून चढायचा सराव करते आहे. घरकामाला येणाऱ्या मिसेस गॅमन झाडू आडवा धरून लगाम होतात. काल सोफा उलटला आणि त्या चहाच्या ट्रेवर बसल्या. लोकरीची जाड विजार इस्त्री करून ठेव.

लोभ ठेव, भांडण शर्यतीनंतर करू.

लेटी

अपर हॅचम, १३ जून

ती. ताईस, गुडघा सोडून बाकी सगळ्याचा नमस्कार.

काल चहासुद्धा न घेता स्टेशन गाठलंस. तुझे डोळे तर घट्ट मिटलेले होते, म्हणून काय घडलं ते कळवते.

तू त्या नव्या पांढऱ्या तट्टापाशी डावीकडून गेलीस, आणि पहिल्या रांगेतली एक चिमुरडी पोरगी ओरडली की हा मूनबीम नाहीच, मूनबीमचा कान फाटका आहे. कान तूच लिहिला होतास ना? मग काय, सगळ्या पोरी परड्यात घुसल्या आणि पुडिंगला घेऊन आल्या. वाटलं, त्याचं पोट बघून हिरमुसतील. छे! एक तर त्याच्या गळ्यात पडून रडली. तुझी चांदीची वीज तेव्हा तिची हॅट खात होती.

कर्नल कुंपणाशी मिशा पिळत उभा. तू डावीकडून गेलीस आणि पुडिंगने तुझ्या त्या इस्त्रीच्या विजारीचा मागचा भाग धरला. पोरी एका सुरात ओरडल्या, दुसरीकडून, बाई, दुसरीकडून! तू फिरलीस. मग उजवा पाय घातलास आणि पिठाच्या पोत्यासारखी का होईना, वर गेलीस. तो चार पावलं चालला आणि पाद्रीणबाईंच्या केकपाशी थांबला. तू उतरलीस आणि पळालीस.

लेटी, तू वर होतीस तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं. जन्मात असं पाहिलं नव्हतं. पण व्हॅनचं तू काहीच बोलली नाहीस. गुरुवारी मी फाटकात उभी असेन. हात जोडणार नाही. पण मला फार भीती वाटते आहे.

तुझी,
मॉड

लंडन, १५ जून

चि. मॉडीस, अजून उभ्यानेच जेवणाऱ्या बहिणीचे आशीर्वाद.

पळाले, कारण रडू आलं होतं आणि कर्नल बघत होता. तो पांढरा भामटा परत पाठवला.

आज प्रकाशकांनी पुस्तक दुरुस्तीला दिलं. पुढच्या छपाईत ‘उजवीकडून’चं ‘डावीकडून’ करून द्या, म्हणाले. मी त्यांना साफ सांगितलं, टिल्डा उजवीकडूनच चढेल. का म्हणून विचारलं, तर म्हटलं, माझी बहीण तशीच चढते, आणि तिच्याहून चांगलं बसणारं मी कुणी पाहिलेलं नाही. या वेळी मुद्दाम लिहिलंय गं.

व्हॅन मात्र रद्द केली नाही. फक्त पत्ता बदलून कर्नल ब्रॅकनबरींचा दिला आहे.

रविवारी येते. तू लगाम धर, मी चढते.

लेटी