छताचा वहीएवढा तुकडा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.
निर्णय पक्का. हॉलच्या छतावरचं ते जुनाट दाणेदार टेक्श्चर मी स्वतः खरवडून काढणार. रविवारपर्यंत छत गुळगुळीत. बायकोचं म्हणणं, तिच्या भावाला बोलवू, तो रंगारीच आहे. बोलवा की. मेहुणा एका दिवसात काम करेल आणि पुढची वीस वर्षं त्याबद्दल बोलेल. जेवताना, फोनवर, लग्नकार्यात. त्यापेक्षा मला दाणे परवडले. बायकोला परवडत नाहीत. म्हणून मी.

संध्याकाळी ६.
खरवडायची पट्टी आणली. गॉगल आणला. गॉगल मला शोभतो.

मंगळवार, ४ मार्च.
गॉगलमधून दिसत नाही. उद्या.

बुधवार, ५ मार्च.
सुट्टी टाकली. मुलीने मोबाइलवर वाचून सांगितलं की आधी पाणी फवारायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग हलक्या हाताने पट्टी फिरवायची. हलक्या हाताने कामं होत नसतात, हे तिला मोठी झाल्यावर कळेल. कोरडंच खरवडलं. अडीच तासांत वहीएवढा तुकडा मोकळा. थोडे खड्डे पडलेत, एका ठिकाणी आतलं सिमेंट दिसतंय, पण ते जवळून पाहिलं तर. छत कोण जवळून बघतं?

दुपारी ४.
बायको स्टुलावर चढून जवळून बघून आली. खाली उतरून थेट मोबाइल हातात घेतला. हे लक्षण बरं नाही.

गुरुवार, ६ मार्च.
मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला. पट्टा लावला की वर बघता येत नाही. नाइलाज आहे, नाहीतर आज निम्मं छत उतरलं असतं.

शुक्रवार, ७ मार्च.
नवी कल्पना सुचली: आधी पाणी मारायचं. झाडांचा पंप घेऊन अंदाजाने मारलं. पंधरा मिनिटं थांबायचं म्हणून आत जाऊन आडवा झालो. दोन तासांनी उठलो. छत कोरडं होतं. सोफा चिंब.

शनिवार, ८ मार्च.
बायकोने भावाला फोन केला. मी तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात कडाडून विरोध केला.

रविवार, ९ मार्च. दुपारी २.
मेहुण्याने पाणी मारलं, पंधरा मिनिटं चहा पीत बसला आणि तीन तासांत अख्खं छत उतरवलं. हलक्या हाताने. मुलगी माझ्याकडे बघत होती. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
मग तो माझ्या तुकड्याखाली येऊन थांबला. दाजी, इथे काय आपटलं होतं, म्हणून विचारलं. मी मानेचा पट्टा सारखा करत बसलो. तेवढंच भरून, वाळवून, घासायला आणखी दोन दिवस लागतील म्हणाला. तोवर मुक्काम इथेच. सोफा अजून ओला, म्हणून माझ्या खोलीत.

रात्री ८.
जेवताना त्याने छताची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. वीस वर्षं आजपासून मोजायची.