पाहुणं कातडं

१२ मार्च १९८५, येडशी

आलो एकदाचा! फलाटावर मी, माझी ट्रंक आणि एक शेळी. स्वागत झकास झालं. प्रयोगशाळा म्हणजे दूध सोसायटीची बंद पडलेली इमारत. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि डॉक्टर धोंडप्पांनी जागा भाड्यानं घेऊन तिथं उंदीर आणले. मागच्या दोन खोल्या मला. लग्नाचा फोटो भिंतीला लावला. पाण्याची सोय झाली की मालनला घेऊन येईन, असा शब्द दिलाय. बी.एस्सी. होऊन उंदरांची चाकरी, असं सासरे म्हणाले. म्हणू देत बापडे.

१४ मार्च

काम मजेचं आहे. पांढऱ्या उंदराच्या पाठीवर काळ्या उंदराच्या कातड्याचं ठिगळ लावायचं. रक्तातल्या टी-पेशी म्हणजे वेशीवरचे जागले. परकं दिसलं की तुटून पडतात आणि ठिगळ वाळून गळतं. पण पिण्याच्या पाण्यातून औषध दिलं की जागल्यांना डुलकी लागते. मग ठिगळ रुजतं, त्यावर चांगले काळे केस येतात. डॉक्टर म्हणाले, पाहुण्याच्या, म्हणजे काळ्या उंदराच्या, पेशीही सोबत टोचल्या तर कधी उलटंच होतं. मग त्या पेशीच घरधन्याला परका ठरवून त्याच्यावर उठतात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

झाडलोट आणि उंदरांचं दाणापाणी द्वारकाबाईंकडे. त्यांचे यजमान बब्रुवान माझ्याच जागेवर होते. गेल्या साली तापानं गेले. त्यांचा पांढरा कोट मला दिला. माप घेऊन शिवल्यासारखा बसला.

२० मार्च

उंदीर कडकडून चावला, उजव्या मनगटाला. द्वारकाबाईंनी बब्रुवानच्या शेवटच्या आजारातल्या, जपून ठेवलेल्या धोतराची चिंधी फाडून घट्ट बांधली. म्हणाल्या, लई हलवू नगा, सोडू तर नगाच. बाई मायाळू आहे.

२ एप्रिल

टँकर फिरकला नाही, तरी आमचा रांजण भरलेला. आज विचारलं तेव्हा द्वारकाबाईंनी सरळ सांगितलं की उंदरांच्या बाटल्यांत उरतं ते त्या रोज रांजणात ओततात. दुष्काळात पानी फेकलं तर पाप लागतं, आन् म्या फडक्यानं गाळून वतते की! त्या स्वतः घरून तांब्या आणतात.

म्हणजे आल्यापासून मी औषधाचं पाणी पितोय. बब्रुवानही तेच प्यायचे, आणि त्यांचा ताप उतरलाच नाही. डॉक्टर सोलापूरला गेलेत, तार केली. रांजण ओतून दिला.

९ एप्रिल

चिंधी सोडली. जखम भरलीय, पण वरचं कातडं माझं नाही. मी गोरा, हे काळंसावळं, राठ. आग नाही, खाज नाही. नीट रुजलंय.

१३ एप्रिल

ठिगळ कोपराच्या वर गेलं. त्यावर हिरव्या रेघा उमटत होत्या, आज अक्षरं लागली. गोंदण आहे. द्वारका.

विटकरीनं घासलं. रक्त आलं, अक्षरं तिथंच. बाईंना दाखवलं; वाटलं, किंचाळतील. त्यांनी हात गालाला लावला आणि म्हणाल्या, यायला लई उशीर केलासा.

मालनला तार केली, ताबडतोब ये आणि मला इथून घेऊन जा. ती समोर उभी राहिली की मी मीच राहीन. तिच्याशिवाय मला कोण ओळखणार?

१६ एप्रिल

डॉक्टरांचं उत्तर नाही. मालनचा आवाज आठवत नाही — फोटो बघून चेहरा तेवढा आठवतो. द्वारकाबाईंच्या म्हशीचं नाव मात्र आठवतं. चंद्री. ती मेली तेव्हा मी रडलो होतो — मी कधी —

१८ एप्रिल

द्वारकानं भाकरी आणली. तुमास्नी आवडती तशी, कडक. आवडते मला.

भिंतीवर कुणा पोरीचा फोटो आहे. शेजारी एक गोरा माणूस. कोण ही माणसं, माझ्या घरात —

१९ एप्रिल

दारात बाई. धुळीनं माखलेली. रडतेय. म्हणते, अहो, मी मालन, तुम्हीच तार केलीत ना —

तिनं माझा हात धरला. अंगभर आग झाली. परकी आहे. लगेच कळलं. जागले उठलेत, पण माझे नव्हेत —

द्वारका आतून म्हणते, धनी, परकं मानूस घरात घेऊ नगा.

उजवा हात तिच्या गळ्याकडं जातोय. डावा अजून माझा आहे, त्यानंच लिहितोय — मालन, पळ — ह्याला आता परकं ओळखू येतंय, आणि ते तू —